दाबताना बिघडलेली फाईल

जीझिप नावाच्या एका निरुपद्रवी प्रोग्रामवर आमच्या घरात जेवढे आळ आले, तेवढे कुठल्या सुनेवरही आले नसतील. त्या दोन दिवसांत त्याच्या बाजूने भांडणारी मी एकटीच होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण शेवटी मी काय केलं तेही मला सांगायचं आहे.

माझं माहेर श्रीवर्धन तालुक्यातल्या एका कोळीवाड्यात. बाजाराला बोर्ली पंचतनला जायचं, आणि मोबाईलला रेंज हवी असेल तर गच्चीवर टाकीच्या बाजूला, तोंड खाडीकडे करून उभं राहायचं. लग्न होऊन मी रेवदंड्याला गेले. नवऱ्याच्या घरीही बोटी. मी मात्र नवी मुंबईतल्या एका कंपनीचे सर्व्हर घरी बसून सांभाळते, म्हणजे दिवसभर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत हुकूम टाइप करत असते. माहेरच्यांच्या मते मी ‘कॉम्प्युटरचं बघते’. त्यामुळे टीव्हीचा रिमोट रुसला तरी फोन मलाच.

त्या पावसाळ्यात फोन आला तो बाबांच्या मशीनसाठी. बाबा तांडेल, म्हणजे आमच्या बोटीचे कप्तान. चाळीस वर्षं त्यांनी बोट चालवली. मग साखरेने एक डोळा गेला, दुसरा अर्धा राहिला, आणि डॉक्टरांनी समुद्र बंद केला. आता नारळी पौर्णिमा झाली की माझा धाकटा भाऊ पहिल्यांदा तांडेल म्हणून बोट नेणार होता. तो दहा वर्षं बाबांच्या हाताखाली खलाशी होता, पण जाळं कुठे घालायचं हे कायम बाबांनीच ठरवलेलं, आणि मशीनकडे त्यांच्याशिवाय कुणी बघायचंही नाही. सगळं होतं बोटीवरच्या जीपीएसच्या मशीनमध्ये. मासळी लागते त्या जागा, आणि पाण्याखालची खडपं, म्हणजे ते खडक ज्यांच्यावर जाळं अडकलं की चिंध्याच हातात येतात.

आणि नेमका त्या मशीनचा पडदा काळा पडत चालला होता. नवीन मशीन अलिबागच्या मेकॅनिककडून घेतलं होतं. जुन्यातल्या जागा नव्यात उतरल्या नाहीत, तर भाऊ निव्वळ अंदाजाने समुद्रात जाणार. नव्या तांडेलाने पहिल्याच फेरीत जाळं खडपावर घातलं, तर दुसऱ्या फेरीला खलाशी दुसरी बोट बघतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. भावाला त्या काळजीने जेवण जात नव्हतं. मी चार दिवसांची रजा टाकली आणि लॅपटॉप घेऊन माहेरी गेले.

मशीनचं कार्ड लॅपटॉपला लावलं तर आत एकच भलीमोठी फाईल. नऊ वर्षांच्या जागा, आणि प्रत्येक फेरीत मिनिटामिनिटाला मोजलेल्या पाण्याच्या खोलीचे आकडे, ओळीखाली ओळ. भाऊ नवीन मशीनपाशी अलिबागला बसलेला. मेल म्हणे एवढी मोठी फाईल घेत नाही. आणि घेतली असती तरी आमच्या रेंजवर ती पोचायला दिवाळी उजाडली असती. म्हटलं, दाबू या. आकड्यांची फाईल छान दबते, कारण त्यात तेच तेच पुन्हा पुन्हा असतं. माउसने उजवीकडे क्लिक करून बघितलं, तर खिडकी पांढरीफट्ट होऊन बसली. मग माझं नेहमीचं हत्यार काढलं. काळा पडदा उघडला, जीझिप लिहिलं, पुढे फाईलचं नाव, आणि एंटर.

बाबा शेजारी आरामखुर्चीत होते. उरलेला अर्धा डोळा त्यांनी पडद्याला जवळजवळ चिकटवला होता.

“माझी फाईल कुठाय?”

“हीच ती. दाबलेली.”

“ही ती न्हाय. ती मोठी होती.”

चूक माझीच होती. जीझिप काम झालं की मूळ फाईल काढून टाकतो आणि दाबलेली ठेवतो. मूळ राहू दे असं त्याला वेगळं सांगावं लागतं, उणे के लिहून. इतकी वर्षं हे काम करते, पण ऐन वेळी विसरले. लगेच गनझिप, म्हणजे दाबलेली फाईल उलगडणारा हुकूम, चालवून मूळ फाईल परत आणून दाखवली, आणि ह्या वेळी उणे के लावून पुन्हा दाबली. पण बाबांच्या मनात बसायचं ते बसलंच.

“बोंबील सुकवला की हलका होतो,” ते म्हणाले. “मग पाण्यात घातला, तर ओला बोंबील होतो काय?”

“बाबा, हे सुकवणं नाही. ह्यात एक आकडासुद्धा कमी होत नाही.”

“कमी होत न्हाय, मग लहान कशी झाली?”

मी सांगून बघितलं की, ‘मासळी मासळी मासळी’ असं शंभरदा लिहिण्यापेक्षा ‘मासळी, शंभर वेळा’ असं एकदाच लिहायचं. बाबा म्हणाले, आपल्याला शंभर वेळा कधी लागली? मी कपाळावर हात मारला आणि गच्चीवर गेले.

गच्चीवर टाकीला टेकून फाईल पाठवली. भावाकडे माझाच जुना लॅपटॉप होता, त्यावरही तोच काळा पडदा. त्याला फोनवर एकेक अक्षर सांगायला लागले. जी, यू, एन, झेड, आय, पी. सगळं जोडून. मग जागा सोड. जागा म्हणजे मोठं बटण दाब रे, खालचं! मागे मेकॅनिक कुणाला तरी बॅटरी विकत होता, त्याचंही सगळं मला ऐकू येत होतं. पहिल्या खेपेला पडद्यावर आलं की फाईल अनपेक्षितपणे संपली. म्हणजे रेंज गेली होती आणि अर्धीच फाईल पोचली होती. पुन्हा पाठवली. पुन्हा जी, यू, एन.

“ताई, काहीच झालं नाय.”

“काही म्हणाला का तो?”

“नाय. गप आहे.”

“मग झालं! काम नीट झालं की तो गप्पच बसतो. बोलतो ते बिघडलं तरच.”

“हे बरं आहे,” भाऊ म्हणाला. “बाबांसारखं.”

संध्याकाळी तो नवीन मशीन घेऊन आला, जागा भरलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन बोटीवर बसवलं, आणि दोन खलाशी बरोबर घेऊन तो खाडीच्या तोंडापर्यंत फेरी मारायला गेला. तिथे एक खडप आहे. ओहोटीला त्याच्यावर पांढरा फेस फुटतो, आमच्या गच्चीवरूनही दिसतो, वाड्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नवीन मशीन बरोबर चालतंय का हे बघायला ह्याहून सोपं काय? आम्ही रेंजसाठी गच्चीवरच थांबलो होतो. अर्ध्या तासात बाबांच्या फोनवर त्याचा फोन. स्पीकरवर.

“खडप एकीकडे आणि मशीनमधली खूण दुसरीकडे! डोळ्यांसमोर फेस फुटतोय आणि मशीन सांगतंय इथे काय नाय! ताई, तुझी फाईल बिघडली!”

मागून खलाशांचा आवाज येत होता. बाबांनी फोन तोंडाजवळ नेला आणि अगदी शांतपणे म्हणाले, “दाबली ना तिने. दाबताना बिघडली असणार.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, जगभरातले सर्व्हर रोज रात्रंदिवस हे काम करतात! फाईल बिघडली असेल तर गनझिप स्वतःच ओरडतो, उघडतच नाही. हे मी बाबांना सांगितलं, आईला सांगितलं, कालवण टाकून ऐकायला आलेल्या शेजारच्या काकूंनाही सांगितलं. काकू म्हणाल्या, “असेल बाय, पण इस्त्री करताना माझी पण साडी जळली होती.”

दुपारभर मी तेच करत बसले. जीझिपला उणे टी लावून विचारलं, बाबा रे, तू धड आहेस ना? तो गप्प. म्हणजे धड. मग दोन्ही लॅपटॉपवर फाईलचा ठसा काढणारा हुकूम चालवला. त्यातून चौसष्ट अक्षरांची एक लांबलचक माळ येते, आणि फाईलमधला एक ठिपका जरी हलला तरी ती अख्खी माळ बदलते. भाऊ समोर बसून वाचत होता, मी ताडून बघत होते. शेवटच्या अक्षरापर्यंत तीच. म्हणजे जी फाईल मी बाबांच्या मशीनमधून काढली, तीच, जशीच्या तशी नव्या मशीनमध्ये गेली होती.

“मग खडप हललं काय?” भाऊ म्हणाला. तो चिडलेला नव्हता, घाबरलेला होता, आणि ते मला जास्त लागलं. दोन दिवसांवर नारळी पौर्णिमा. सकाळच्या त्या दोन खलाशांनी एव्हाना सगळ्या वाड्यात सांगितलं असणार.

बाबा खुर्चीत बसून जाळं शिवत होते. दिसत नाही, पण हाताला सवय आहे. सकाळचा फोन ठेवल्यापासून एक शब्द बोलले नव्हते.

मग मला सुचलं ते आधीच सुचायला हवं होतं. मूळ फाईल उघडली, न दाबलेली, आणि त्यातलं खाडीच्या तोंडचं खडप उपग्रहाच्या नकाशावर टाकलं, ज्यात खडपांवरचा फेस दिसतो. तिथेही चुकलेलंच. दुसरं खडप टाकलं, तेही चुकलेलं, आणि तेवढंच, त्याच दिशेला. तिसरंही तसंच. बिघडलेली फाईल अशी शिस्तीत बिघडत नाही. मी टाळीच वाजवली. दोष जीझिपचा नाही, दोष त्या जुन्या मशीनचा! नऊ वर्षं ते सगळ्या जागा थोड्या बाजूला दाखवत असणार आणि बाबा सवयीने सांभाळून घेत असणार.

मग काय, सोपंच होतं. चार ओळींचा हुकूम लिहून मी फाईलमधल्या सगळ्या जागा तेवढ्याच उलट्या दिशेला सरकवल्या. खडपं बरोबर फेसावर जाऊन बसली. नवीन फाईल पेनड्राइव्हवर घातली आणि विजयी मुद्रेने भावाला हाक मारली. “घे! सगळ्या जागा सरकवल्या. खडपं, मासळीच्या जागा, सगळ्या. जा, भर मशीनमध्ये.”

बाबांच्या हातातली सुई थांबली.

“मासळीच्या बी सरकवल्या?”

“हो, सगळ्याच.”

“किती? खडपाएवढ्याच?” ते उठून उभे राहिले, आधाराला काठीसुद्धा न घेता. “देऊ नको. ती पेन इकडे दे आधी!”

भाऊ पेनड्राइव्ह घेऊन दारात उभा. बाबांनी त्याला दार लावायला सांगितलं आणि परत खुर्चीत बसले. मग जे सांगितलं ते ऐकून मला हसावं की रडावं कळेना.

फार वर्षांपूर्वी त्यांचं पहिलं मशीन दुरुस्तीला गेलं होतं. ते परत आलं, आणि पुढच्याच आठवड्यात त्यांच्या खास जागेवर तीन परक्या बोटी. कुणीतरी जागा उतरवून घेतल्या होत्या. तेव्हापासून बाबा मशीनमध्ये खरी जागा ठेवतच नव्हते. खूण मारली की तिचे आकडे हाताने बदलायचे, ठरलेल्या मापाने. चौथी शिकलेला माणूस! समुद्रात गेले की मनातल्या मनात ते माप उलटं लावायचं आणि बोट खऱ्या जागी न्यायची.

“मग खडपं का बदललीत? ती तर सगळ्यांना माहीत आहेत.”

“म्हणून तर!” बाबांच्या चेहऱ्यावर एवढ्या त्रासातही थोडं हसू आलंच. “चोर हुशार असला तर तू केलंस तेच करील. खडपावरून माप काढील. पण खडपाचं माप वेगळं, मासळीचं वेगळं. खडपाच्या मापाने मासळीच्या जागी गेला, तर जाळं घालील ते बरोबर आतल्या खडकांवर, ज्यांची खूण मी मशीनीत मारलीच न्हाय.”

भावाने हातातल्या पेनड्राइव्हकडे बघितलं आणि तो हळूच टेबलावर ठेवला. दोन दिवसांनी त्या जागांवर माझ्याच भावाने, माझ्याच फाईलने, पहिलं जाळं घातलं असतं. आणि मग राग आला, असला राग की शेजारच्या काकूंनी नक्कीच ऐकला असेल.

“आणि तुम्ही सकाळपासून गप्प? दाबताना बिघडली म्हणालात! मी दिवसभर डोकं फोडून घेतेय तुमच्यासमोर!”

“खलाशी ऐकत होते. काय सांगू? माझी फाईल खोटी हाय म्हणून?”

“नंतर सांगायचं होतं! मी घरातच होते ना!”

भाऊ खाली बघत होता. मग बाबा म्हणाले की हे सांगायची रीत आहे. नारळ वाहून झाला की बोट खाडीबाहेर काढायची, इंजिन बंद करायचं, आणि बापाने मुलाच्या कानात सांगायचं. त्यांच्या बापाने त्यांना डोंगर आणि माडांच्या खुणा अशाच सांगितल्या होत्या. फोनवर नाही, घरात नाही, आणि...

“आणि मुलीला नाही,” मी म्हटलं.

“तुझा नवरा चांगला माणूस हाय, बाय,” बाबा म्हणाले. “पण तो बी तांडेल हाय.”

मला फार लागलं ते. रजा माझी, लॅपटॉप माझा, गच्चीवर भिजत टाकीला टेकून पाठवलेली फाईल माझी, आणि मी दुसऱ्या घरची. तोंडात आलं ते बोलून गेले. म्हटलं, छान! दोघांना माहीत असणार आणि दोघांतला एक म्हातारा, दुसरा रोज समुद्रात. उद्या काही कमीजास्त झालं तर त्या फाईलचं काय लोणचं घालायचं? नऊ वर्षांची मेहनत, आणि ती उघडायची कशी हे कुणालाच माहीत नाही!

मोसमाच्या तोंडावर असं बोललेलं आमच्याकडे चालत नाही. आई आतून ओरडली. बाबा उठून पडवीत गेले. रात्री मी न जेवता बॅग भरली.

सकाळी बॅग उचलायला आले तर बाबा माझ्या लॅपटॉपपुढे बसलेले, बंद लॅपटॉपपुढेच.

“ते दाबायचं पुन्हा करून दाखव,” ते म्हणाले. “हळू.”

मी तुटकपणे म्हटलं, कशाला? पण उघडला. त्यांनी एक जागा निवडायला लावली, मासळीची. तिचे आकडे मी पडद्यावर एवढे मोठे केले की एका ओळीत जेमतेम मावले. बाबांनी बोट ठेवून एकेक आकडा तोंडाने म्हणून घेतला. मग मी फाईल दाबली, ह्या वेळी मुद्दामच उणे के न लावता. मूळ फाईल गेली. बाबा बघत राहिले. मग गनझिप. जीझिप गप्प, बाबा गप्प, मी गप्प. परत तीच ओळ उघडली. त्यांनी पुन्हा बोट ठेवलं आणि पहिल्या आकड्यापासून म्हणायला लागले. सगळे जागच्या जागी होते.

“काहीच गेलं न्हाय,” ते म्हणाले.

“दोन दिवस तेच सांगतेय मी.”

त्यांनी मला खुर्ची जवळ ओढायला सांगितली. दार लोटून घेतलं. आणि माझ्या कानाशी वाकून मासळीचं माप सांगितलं. किती, आणि कुठल्या दिशेला. दोनदा. मग माझ्याकडून एकदा म्हणून घेतलं.

“लिहायचं न्हाय,” ते म्हणाले. “तुझ्या त्या फाईलीत बी न्हाय.”

मी ते लिहिलेलं नाही. इथेही नाही.

पौर्णिमेला नारळ वाहिला, आणि खाडीबाहेर इंजिन बंद करून भावालाही रीतीप्रमाणे सांगून झालं. पहिल्या फेरीत त्याचं जाळं कुठेही अडकलं नाही. तोवर मी रेवदंड्याला परत आले होते. नवऱ्याने पोहे खाता खाता सहज विचारलं, अगदी सहजच, त्याच्या मनात काही असेल असं मला आजही वाटत नाही.

“सासऱ्यांच्या त्या फाईलीचं काय झालं मग? तुझ्याकडे असेल ना एक कॉपी?”

“आहे की,” मी म्हटलं. “पण काही उपयोग नाही तिचा. दाबताना बिघडली.”